बोट खरी होती, मालक खोटा होता

सेकंडहँड बोटींच्या व्यवहारातल्या फसवणुकीबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुतेक ठरलेले असतात. किंमत फारच कमी दिसली तर लांब राहा. फोटो दुसऱ्याच बोटीचे असू शकतात. बोट डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पेनी देऊ नका. यात चूक काहीच नाही. आम्ही हे सगळं पाळलं. बोट बघितली, आत बसून चहा प्यायलो, इंजिन चालू करून घेतलं. तरीही एक माणूस आमचे १६,६०० पौंड घेऊन गेला, कारण बोट त्याची नव्हतीच.

इंग्लंडमधल्या कालव्यांवर राहायला किंवा सुट्टीपुरती बोट घ्यायचा विचार आपल्या लोकांतही हल्ली ऐकू येतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आम्ही स्लाउमध्ये भाड्याने राहतो. लंडनहून बर्मिंगहॅमला जाणाऱ्या ग्रँड युनियन कालव्याचा एक फाटा आमच्या गावापर्यंत येतो. त्या काठाने चालता चालता नवऱ्याच्या डोक्यात बोटीचं खूळ शिरलं आणि मग माझ्याही. आई नाशिकहून फोनवर एवढंच म्हणाली, "पाण्यावर घर घेताय ते ठीक, पण पत्ता काय सांगायचा लोकांना?" हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. ज्यांच्याकडे बोट बांधून ठेवायची कायमची जागा नसते त्यांना इथे डॉक्टरकडे नाव घालण्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे तोच नडतो.

जाहिराती वर्षभर चाळल्या. नॅरोबोट म्हणजे जेमतेम सात फूट रुंदीची लांबट पोलादी बोट, कारण मिडलंड्स म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या जुन्या कालव्यांचे लॉक, म्हणजे बोटीला चढ-उतार पार करून देणारे दरवाजाबंद हौद, तेवढ्याच रुंदीचे. लांबी ७० फुटांपर्यंत जाते, पण ५७ फुटी बोट जवळजवळ सगळ्या कालव्यांत फिरू शकते म्हणून तिला मागणी जास्त. हळूहळू बाकीचंही कळत गेलं. तळाचा पत्रा १० मिलिमीटर, बाजूचा ६, वरच्या केबिनचा ४, असा अलीकडच्या बोटींचा साधारण हिशोब. पाण्याखालचा पत्रा गंजून ४ मिलिमीटरच्या खाली गेला की विमा कंपन्या कुरकुर करतात. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून खालून काळा डांबरी रंग द्यावा लागतो. दर चार वर्षांनी सुरक्षा प्रमाणपत्र घ्यावं लागतं, पण ते गॅस, इंधन, वायरिंग आणि आगीच्या धोक्यापुरतं असतं, खालच्या पत्र्याबद्दल त्यात चकार शब्द नसतो. पत्र्यासाठी वेगळा सर्व्हेअर लावायचा, तो बोट सुक्या गोदीत घेऊन यंत्राने जाडी मोजतो.

म्हणजे पोलादाच्या बाबतीत आमची तयारी चोख होती. आणि त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं की नवीन गिऱ्हाईक पोलादाबद्दलच विचारतं.

अक्सब्रिजजवळ काठाला बांधून ठेवलेली, २००४ सालची ५७ फुटी बोट. मागत होता ४६,००० पौंड. बाजारापेक्षा जरा कमी, पण संशय यावा इतकी नाही. आम्ही गेलो तर कोळशाची शेगडी पेटवलेली, किटली वर ठेवलेली. मागच्या डेकची फळी उचलून त्याने पितळी ग्रीसची डबी दाखवली. "रोज इंजिन बंद केलं की हिला एक आटा द्यायचा, नाहीतर शाफ्टमधून पाणी ठिबकत राहतं," असं म्हणत त्याने चिंधीला हात पुसले. खाली खरंच दोन-चार थेंब साचले होते. ते त्याने स्वतःहून दाखवले. आपल्या मालातली खोट जो आपणहून दाखवतो त्याच्यावर विश्वास बसतोच, आणि त्याने थेंब दाखवले होते ते त्याचसाठी.

कागदही होते. चालू सुरक्षा प्रमाणपत्र, आधीच्या सर्व्हेची प्रत, खिडकीत लावलेलं लायसन्स. कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर बोटीचा क्रमांक घालून बघितला, लायसन्स चालू होतं. शिवाय आधीच्या मालकाकडून त्याच्या नावावर झालेलं दोन पानी खरेदीखत. यातलं शेवटचं सोडून सगळे कागद अस्सल होते. ते बोटीचे होते, त्याचे नव्हते, एवढंच.

इथेच खरी मेख आहे. आपल्याकडे जमिनीला सातबारा असतो, फ्लॅटला इंडेक्स टू असतो. इंग्लंडमध्येही घरासाठी लँड रजिस्ट्री आहे. कालव्यावरच्या बोटीला मालकी सांगणारी अशी कुठलीही सक्तीची नोंद नाही. ट्रस्टचं लायसन्स म्हणजे बोट पाण्यात ठेवण्याची परवानगी, मालकीचा दाखला नव्हे. ते विक्रीबरोबर नव्या माणसाकडे जातही नाही, त्याला स्वतःचं काढावं लागतं. जहाजांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या पहिल्या भागात मालकी नोंदवता येते, पण कालव्यावरच्या फार थोड्या बोटी तिथे असतात. लहान बोटींची जी वेगळी नोंद असते तिने मालकी सिद्ध होत नाही. सुरक्षा प्रमाणपत्र बोटीचं असतं, मालक बदलला तरी तेच चालतं. राहतं ते खरेदीखत, आणि त्याचा कोरा नमुना कुणालाही छापून घेता येतो.

पुढचं सगळं रीतसर वाटावं असंच झालं. सर्व्हे समाधानकारक आला तर, या अटीवर दहा टक्के इसार देण्याची इथे पद्धतच आहे. ४,६०० पौंड बँकेतून पाठवले. पाठवताना बँक नाव जुळतंय का ते तपासते, ते जुळलं. अर्थात जुळणारच. खातं त्याचं आहे एवढंच त्यातून कळतं, बोट कुणाची ते नाही. गोदीत सर्व्हेची तारीख लांबची मिळाली. मधल्या काळात त्याचा फोन: दुसरं एक गिऱ्हाईक पूर्ण रक्कम घेऊन तयार आहे, तुम्ही आणखी दहा हजार दिलेत तर त्याला नाही म्हणतो. नवरा म्हणाला, थांबूया. तर पठ्ठ्या सर्व्हे नापास झाल्यास पैसे परत, असा सही केलेला करारच घेऊन आला. दहा हजार गेले. वर सोलर पॅनेल आणि वॉशिंग मशीन "बोटीच्या किमतीत धरलेलं नाही" म्हणून दोन हजार रोख.

सर्व्हेच्या आधी बोट जागेवरून हलली. आता घराबाबत कोणी म्हणालं की घर हलवलं आहे, तर तुम्ही लगेच पोलिसात जाल. कालव्यावर मात्र कायमची जागा नसलेल्या बोटीने एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त राहू नये असा १९९५ च्या कायद्याचा दंडक आहे. त्यामुळे "हलावं लागलं, वर डेनहॅमच्या बाजूला आहे" हा त्याचा मेसेज अगदी सरळ वाटला. मग फोन लागेना.

आम्ही काठाकाठाने वर चालत निघालो आणि रिकमन्सवर्थच्या अलीकडे तीच बोट, तोच क्रमांक दिसला. पन्नाशीचा एक गृहस्थ टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैला साठवायची सुटी टाकी, दोन्ही हातांनी उचलून खाली उतरत होता. ही बोट आम्ही घेतो आहोत म्हटल्यावर त्याने ती कॅसेट गवतात ठेवली आणि म्हणाला, "कुणाकडून?"

तो मालक. कामासाठी स्कॉटलंडला असताना त्याने बोट आमच्या विक्रेत्याला भाड्याने दिली होती. भाडेकरू दोन महिन्यांचं भाडं बुडवून पसार झालेला. साध्या खासगी लायसन्सवर बोट भाड्याने देता येत नाही, त्यामुळे मालक पोलिसांपुढे बोलायला सुरुवातीला बराच बिचकत होता. त्याचा तो चोरटा धंदा नसता तर आमच्या विक्रेत्याच्या हातात किल्ल्या आल्याच नसत्या, हेही खरं. पण त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता, त्याच्या जबाबाची आम्हाला गरज होती. वकिलाकडून कळलं की आम्ही पूर्ण ४६,००० दिले असते तरी बोट या मालकाचीच राहिली असती, कारण जे विकणाऱ्याचं नाही ते घेणाऱ्याचं होत नाही.

बँकेचा भाग नीट वाचा. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये असा नियम आहे की फसवून करवून घेतलेलं देशांतर्गत बँक ट्रान्सफर बँकांनी भरून द्यायचं, कमाल मर्यादा ८५,००० पौंड, त्यातून १०० पौंडांपर्यंत बँक कापू शकते. दावा शेवटचे पैसे दिल्यापासून १३ महिन्यांच्या आत करावा लागतो. पण खरेदीदार आणि विक्रेत्यामधला खासगी वाद या नियमात येत नाही, आणि आमच्या बँकेने आधी तेच कारण पुढे केलं. बोट खरी, तुम्ही बघितलीत, करार आहे, मग हा वादच ना? खोटे फोटो लावून फसवलं असतं तर काम सोपं होतं, असं म्हणायची वेळ आली. खऱ्या मालकाचा जबाब आणि त्याचे कागद जोडल्यावर १०० पौंड वजा जाता ट्रान्सफरचे पैसे परत आले. रोखीला हा नियम लागू नाही. ते दोन हजार गेले.

मालकाने त्याचे कागद आमच्यासमोर टेबलावर काढले तेव्हा खऱ्या मालकाकडे काय काय असतं ते बघायला मिळालं. बोट बांधणाऱ्याचं मूळ बिल. पहिल्या मालकापासून त्याच्यापर्यंतची एकामागून एक खरेदीखतं, आणि त्याने पैसे दिले त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट. गोदीच्या पावत्या, त्यावर त्याचं नाव आणि डांबराचे डाग. विम्याची दर वर्षाची पत्रं. इंजिनच्या फिल्टरची बिलं. खोटं खरेदीखत एका संध्याकाळी तयार होतं, पंधरा वर्षांच्या तेलकट पावत्या होत नाहीत. कुणी बोट दाखवत असेल तर पत्रा बघण्याआधी हे बाड मागा, आणि खरेदीखतावर ज्याने त्याला बोट विकली असं लिहिलंय त्या माणसाशी बोला. त्याचा नंबर विक्रेत्याकडून न घेता स्वतः शोधा. ब्रोकरमार्फत घेत असाल तरी विचारा, कारण या धंद्याला इथे परवाना लागत नाही आणि ब्रोकर सहसा मालक नसतो.

ट्रस्टला विचारलंत तर ते बोटीच्या मालकाचं नाव तुम्हाला सांगणार नाहीत, खासगी माहिती म्हणून. पण मालक स्वतःच्या फोनवर स्वतःचं लायसन्स खातं तुमच्यासमोर उघडू शकतो. त्यात त्याचं नाव आणि बोटीचा क्रमांक दोन्ही हवेत. हेही मालकीचा पुरावा नव्हे, पण भाडेकरूला ते जमत नाही. "पासवर्ड बायकोकडे आहे" असं उत्तर आलं तर बायको घरी आल्यावर पुन्हा जा, इसार खिशातच ठेवून.