कोरगुटचा उकडा तांदूळ: घेताना मानशीची (शेताच्या बांधातल्या पाणदाराची) चौकशी करा

पेजेला कोरगुटच्या तोडीचा तांदूळ गोव्यात दुसरा नाही, हे आधीच सांगून टाकतो. दाणा जाडा आणि लालसर. पुरता शिजला तरी गिचका होत नाही. पेज निवली की छान दाट होते, मग सोबत तोर (मिठातली कैरी) असो वा भाजलेलं खारं (सुकी मासळी). हुमणाबरोबर (माशांच्या आमटीबरोबर) भात म्हणूनही तो उत्तम लागतो. पुलावाला मात्र वापरू नका, तो त्याचा प्रांत नव्हे. खाऱ्या जमिनीत पिकतो म्हणून भात खारट होईल, ही भीती मनातून काढा. मीठ नेहमीसारखंच घालायचं.

बहुतेकांचा हिरमोड होतो तो शिजवताना. साध्या तांदळाच्या मापाने पाणी घातलं की दाणा बाहेरून मऊ होतो आणि आत कणी राहते. तांदूळ दोनदा धुवून दोन तास तरी भिजत ठेवा. उघड्या टोपात एका वाटीला सहा वाट्या पाणी घ्या, उकळी आली की आच मध्यम करा आणि पाऊण तासाने दाणा बोटांत चेपून पाहा. मध्ये पांढरा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. मग निवळ गाळून घ्या, ती फेकू नका. कुकरमध्ये एकास तीन पाणी पुरतं, पण शिट्ट्या मंद आचेवर सहा लागतात आणि वाफ आपोआप जिरू द्यावी लागते. पेजेसाठी एकास दहा पाणी घ्या.

पिशवी घेताना लाल रंगावर विसंबू नका. ज्योती या वाणाचा दाणाही लालच असतो, त्यामुळे कोरगुट म्हणून ज्योती गळ्यात पडायला वेळ लागत नाही. विकणाऱ्याकडे मूठभर तुसासकटचा भात असेल तर तो पाहायला मागा. कोरगुटच्या भाताला लांब कुसळं असतात. तुकडा जास्त दिसला तर भात उकडल्यावर घाईने, कडक उन्हात वाळवला असं समजा. तसा दाणा गिरणीत फुटतो. कुबट वास आला तर भिजवणीचं पाणी बदललेलं नाही. हे दोन्ही दोष बाजारातल्या पिशव्यांत वरचेवर सापडतात आणि विकणाऱ्या गटांनी ते मनावर घ्यायला हवेत, कारण या किमतीला गिऱ्हाईक दुसऱ्यांदा चूक पोटात घालत नाही.

किंमत जास्त आहे, यात वाद नाही. कोरगुटचं पीक जया-ज्योतीच्या मानाने कमी येतं, ताटं उंच वाढून आडवी होतात आणि खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतांच्या, चिखलात कापणीची यंत्रं रुततात. पण पैशांचा मोठा वाटा बांधावर जातो, आणि गिऱ्हाइकाने समजून घ्यायची गोष्ट तीच आहे.

गोव्यात खाजन जमीन सुमारे १८ हजार हेक्टर सांगितली जाते. मांडवी-झुवारीच्या भरतीच्या पातळीखालची ही शेतं मातीच्या बांधांनी आणि मानशीने राखली जातात. मानशीची लाकडी दारं नदीच्या बाजूला उघडतात. भरतीचं पाणी ती आपोआप दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. जूनच्या पावसाने मातीतलं मीठ धुतलं जातं, ते असंच ओहोटीबरोबर निघून जातं आणि मग रोव (मोड) आलेलं बी फेकता येतं.

बिघाड सुरू होतो मासळीपासून. मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. पावणी घेणारा जास्त सुंगटं (कोळंबी) आत यावीत म्हणून भरतीलाही दारं उघडी ठेवू लागला की शेतात खारं पाणी साचतं, वेगाच्या प्रवाहाने मानशीचा पाया खरवडला जातो आणि बांध खचतो. कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं, बार्जच्या लाटा, बांधातच रुजलेली चिपीची खारफुटी यांनीही बांध फुटतो. एकदा फुटला की पाणी कोणाचा सर्व्हे नंबर पाहत नाही, शेजारच्या वाड्याचं पीकही जातं. वर्ष-दोन वर्षं शेत पडीक राहिलं की आत खारफुटी माजते आणि कायद्याने ती तोडता येत नाही.

म्हणून हे काम एकट्यादुकट्याचं नव्हेच. पूर्वी ते गांवकारी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, बघायची. १९६४च्या कूळ कायद्यानंतर आणि १९७५च्या कुळांच्या संयुक्त जबाबदारीच्या नियमांनंतर ते कुळांच्या संघटनांकडे आलं. जिथे संघटना जागी आहे, पावणीचा पैसा बांधावर खर्च करते आणि पलीकडच्या गावाशी बोलून दारांच्या वेळा ठरवते, तिथला कोरगुट दरवर्षी मिळतो. जिथे पावणीच्या पैशावरून भांडणं आहेत, तिथला एखाद्या वर्षी मिळतो आणि पुढच्या वर्षी गायब होतो.

बियाण्याची बाजू त्या मानाने बरी आहे. जुने गोवे इथल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेने कोरगुटमधूनच निवडून गोवा धान १ आणि गोवा धान २ ही वाणं दिली आहेत. पण विक्रीत आपण मागे आहोत. केरळचा पोक्काळी हाही असाच खाऱ्या जमिनीतला तांदूळ, त्याने भौगोलिक मानांकन केव्हाच मिळवलं. कर्नाटकात कुमठ्याकडे अघनाशिनीच्या खाडीत असाच कग्गा तांदूळ आहे. किनाऱ्यावरच्या या तिन्ही भागांतल्या शेतकऱ्यांनी बांधदुरुस्तीची आणि लेबलाची माहिती एकमेकांना दिली तर कोणाचंच नुकसान नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पिशव्यांवर गाव, हंगाम, वाण यांतलं काहीच छापलेलं नसतं. हा सगळ्यात मोठा दोष.

तेव्हा घेताना तीन गोष्टी विचारा: कुठल्या मानशीचा, कुठल्या हंगामाचा, कुठल्या गिरणीत कांडलेला. उत्तर सरळ आलं तर बेलाशक घ्या. कापणी ऑक्टोबरात होते, म्हणजे नवा उकडा दिवाळीनंतर बाजारात येतो. एकदम पोतं भरू नका. कोंडा राखलेल्या तांदळाला पावसाळ्यात लवकर टोके लागतात, त्यामुळे पाच किलो घ्या, ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि मे संपेपर्यंत संपवा.