फूड ऑर्डरिंग साइट तपासायचीय, मग एक्सपर्टला दाखवायची की ग्राहकाला समोर बसवायचं?

साइट सुरू आहे, लोक येतायत, कार्ट भरतायत आणि नेमकं पेमेंटच्या आधी निघून जातायत, असं झालं की साइट वापरायला अवघड जातेय का ते तपासायला हवं हे सगळ्यांनाच कळतं, पण वेळ आणि पैसे दोन्ही थोडे असतात आणि ते कशावर घालायचे तिथे गाडी अडते. मुख्य पर्याय तीन आहेत: जाणकारांकडून साइट तपासून घ्या, खऱ्या ग्राहकांना बसवून ऑर्डर करायला लावा, नाहीतर प्रश्नावली पाठवा. माझं मत आधीच सांगून टाकतो, एकच करणं शक्य असेल तर ग्राहकांना बसवा. बाकीचे दोन बिनकामाचे अजिबात नाहीत, फक्त त्यांच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही हे आधी माहीत असलेलं बरं.

आधी एक्सपर्टचं बघू. ठरलेल्या नियमांवर जाणकारांनी साइट तपासायची, याला ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशन म्हणतात, वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन आणि रॉल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली आणि १९९४ मध्ये नीलसननी जे सुधारलेले १० नियम दिले त्यांच्यावरच आजही बहुतेक सगळे काम करतात. ३ ते ५ जणांनी वेगवेगळं बसून, एकमेकांशी न बोलता साइट तपासायची, मग याद्या एकत्र करायच्या आणि प्रत्येक अडचण किती गंभीर आहे ते ० ते ४ मध्ये ठरवायचं. फूड ऑर्डरिंगच्या साइटवर यातून पटापट गोष्टी हाती लागतात. पेमेंट केल्यावर नुसतं चक्र फिरत राहतं आणि पैसे कटले का, ऑर्डर लागली का काहीच कळत नाही. मेनूवर परत गेलं की कार्ट रिकामी. डिलिव्हरी चार्ज आणि कमीत कमी किती रुपयांची ऑर्डर लागते ते शेवटच्या पानावर. तुमच्या भागात आम्ही देत नाही हे तर सगळं निवडून झाल्यावर! या गोष्टी सापडायला ग्राहक बोलवायची गरजच नाही, जाणकार माणूस बसल्या बसल्या दाखवून देतो.

अ‍ॅक्सेसिबिलिटीही (म्हणजे नजर, हात कमजोर असलेल्यांनाही साइट वापरता येते का ते) याच फेरीत उरकून घ्या. अधिक-उण्याची बटणं बघा, संख्या वाढवायला जावं आणि पदार्थच उडावा इतकी ती बारीक आणि चिकटलेली असतात. २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे याच विषयाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, बटण निदान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेलचं असावं असं दिलंय (काही सवलती आहेत, पण त्यांच्या आडोशाला जाऊ नका), आणि साध्या आकाराच्या अक्षरांना निदान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला उजेडाचा फरक) लागतो, म्हणजे पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरात लिहिलेली अ‍ॅलर्जीची सूचना बहुतेक वेळा नापास होणार.

पण एक्सपर्टला भूक लागलेली नसते. त्याला कुठलं चिन्ह कशाचं हे पाठ असतं, तो घाईत नसतो, घरातले चार जण त्याच्या डोक्यावर बसून मला हे नको ते नको करत नसतात. त्यामुळे कधी तो नसलेल्या अडचणी दाखवतो आणि असलेली त्याच्या नजरेतून निसटते.

ग्राहकाला बसवल्यावर काय होतं ते मी जवळून बघितलंय. एका बाईंना दुसऱ्या पत्त्यावर जेवण पाठवायचं काम दिलं होतं, साइटने लोकेशनवरून त्या बसल्या होत्या तिथला पत्ता आपोआप घेतला आणि तो वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दाखवला, त्यांनी पदार्थ निवडले, पेमेंटपर्यंत गेल्या आणि समाधानाने म्हणाल्या, सोपं आहे की! जेवण चुकीच्या घरी निघालं होतं. हे एक्सपर्टच्या यादीत नव्हतं, आणि प्रश्नावलीत तर त्यांनी चांगलेच मार्क दिले असते.

यात सगळा जीव टास्कच्या वाक्यात असतो. 'कस्टमाइझ दाबून पदार्थ बदला' असं लिहिलंत तर उत्तरच सांगून टाकलंत. त्यापेक्षा 'तिघांचं जेवण मागवायचंय, एकाला शेंगदाणे चालत नाहीत, आठपर्यंत यायला हवं' एवढंच सांगा आणि गप्प बसा. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगा. अडकले तरी लगेच मदत करू नका, हे फार जड जातं पण खरी माहिती त्याच अर्ध्या मिनिटात मिळते.

किती लोक लागतात? नीलसन आणि लँडावर यांच्या १९९३ च्या मॉडेलमध्ये एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात असं धरलंय आणि त्या हिशोबाने ५ जणांत साधारण ८५ टक्के निघतात. हा आकडा सगळीकडे डोळे झाकून वापरतात ते मला पटत नाही, कारण तो सरासरीवर उभा आहे आणि सगळ्यांनी एकच काम केलं तरच लागू पडतो. रोज मागवणारा आणि पहिल्यांदा आलेला यांचं वागणं वेगळं, तेव्हा दोन्हीकडचे ३-४ जण घ्या. टीम बदलली की निकालही बदलतो, मोलिक यांच्या एका अभ्यासात ९ टीमनी एकच वेबमेल साइट तपासली, ३१० अडचणी निघाल्या आणि त्यातल्या ७५ टक्के फक्त एकेका टीमलाच दिसल्या होत्या. म्हणून एकदाच मोठी टेस्ट करण्यापेक्षा छोट्या छोट्या दोन-तीन करा, मधे दुरुस्ती करत.

प्रश्नावलीत एसयूएस (सिस्टिम युझेबिलिटी स्केल) सगळ्यात सोयीची, जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली, १० वाक्यं, प्रत्येक वाक्य किती पटतं ते १ ते ५ मध्ये सांगायचं. विषम वाक्यांच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम वाक्यांचं उत्तर ५ मधून वजा करायचं, सगळी बेरीज गुणिले २.५. स्कोअर ० ते १०० येतो पण ते टक्के नव्हेत, सरासरी ६८ च्या आसपास धरतात. काय बिघडलंय हे यातून कळत नाही, जुनं आणि नवं चेकआउट ताडून बघायला मात्र उत्तम.

तर साइट अजून डिझाइनमध्येच असेल तर आधी एक्सपर्ट, ढोबळ चुका तिथेच निघतील आणि ग्राहकांचा वेळ त्यांच्यावर वाया जाणार नाही. साइट चालू आहे आणि लोक मधेच सोडतायत तर थेट ग्राहक बसवा, अ‍ॅनालिटिक्स कुठल्या पानावर गळती आहे ते दाखवेल, का आहे ते नाही. दोन डिझाइनमधून एक निवडायचं असेल तर दोन्हीवर तीच कामं द्या, किती जणांनी बरोबर पूर्ण केलं आणि किती वेळ लागला ते नोंदवा, वर एसयूएस भरून घ्या. आणि टेस्ट फोनवर घ्या, शक्यतो त्यांच्याच फोनवर, कारण कीबोर्ड उघडल्यावर पेमेंटचं बटण त्याच्या मागे लपतंय हे ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर कधीच दिसणार नाही.