समुद्रातले जुने बॉम्ब आणि पर्यावरणाची नोकरी: ब्रिटन की जर्मनी?

मरीन सायन्स करून ऑफशोअर विंडमध्ये, म्हणजे समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामात, शिरायचंय आणि ब्रिटन की जर्मनी ठरत नाहीये, अशांसाठी लिहितोय. पगार-व्हिसावर लिहिणारे भरपूर आहेत, मी फक्त पाण्याखालच्या न फुटलेल्या बॉम्बच्या कामावर सरकारची पर्यावरणाची देखरेख कशी चालते तेवढंच सांगतो, कारण तुमचं रोजचं काम त्यावरच ठरणार.

ब्रिटनमध्ये सगळं लायसन्सभोवती फिरतं. केबलच्या वाटेत महायुद्धातला बॉम्ब सापडला आणि तो उडवायचा असेल तर मरीन लायसन्स लागतं, इंग्लंडमध्ये ते एमएमओ (सागरी कामांची परवानगी देणारी सरकारी संस्था) देतं, शिवाय डॉल्फिन-पॉर्पॉइजना (पॉर्पॉइज म्हणजे डॉल्फिनसारखाच छोटा प्राणी) त्रास होणार असेल तर त्याचं वेगळं लायसन्स. जेएनसीसी या सरकारच्या निसर्ग-सल्लागार संस्थेच्या 2010च्या गाइडलाइनमध्ये नियम असा होता की स्फोटाआधी किमान तासभर ऑब्झर्व्हरने पाण्यावर नजर ठेवायची आणि 1 किलोमीटरच्या आत प्राणी दिसला की तो निघून जाईपर्यंत स्फोट नाही. 2021 पासून, आणि जानेवारी 2025च्या संयुक्त निवेदनानंतर तर जास्तच, सरकारचा आग्रह आहे की आधी कमी आवाजाची पद्धत वापरा, म्हणजे छोट्या चार्जने कवच भेदून आतलं स्फोटक मोठा धमाका न होता जाळून टाकायचं. चाचण्यांमध्ये आवाज 20 डेसिबलहून जास्त कमी भरला, म्हणजे दाब दहाव्या हिश्श्याच्याही खाली, ही खरंच मोठी गोष्ट आहे. पण सगळं लक्ष आवाजावर, न जळलेले स्फोटकाचे तुकडे तळाशी राहतात त्याकडे मला वाटतं अजून पुरेसं बघत नाहीत.

जर्मनीचं दुखणं वेगळं. तिथे नॉर्थ सी आणि बाल्टिक मिळून अंदाजे 16 लाख टन दारूगोळा पडलाय, बराचसा युद्ध संपल्यावर मुद्दाम बुडवलेला. ऑगस्ट 2019 मध्ये फेमार्नबेल्टच्या संरक्षित पट्ट्यात 42 ब्रिटिश सुरुंग उडवले, बबल कर्टन (आवाज अडवणारा बुडबुड्यांचा पडदा) न लावता, आणि नंतर किनाऱ्याला लागलेले मेलेले पॉर्पॉइज तपासले तर काहींच्या मधल्या कानातली हाडं जागची हललेली निघाली. आवाजावरच शिकार शोधणारा असा प्राणी ऐकू शकत नाही म्हणजे खाऊही शकत नाही, हे वाचून अजूनही पोटात तुटतं. आता उडवण्यापेक्षा उचलण्यावर भर आहे, 10 कोटी युरोच्या सरकारी कार्यक्रमातून 2024 मध्ये ल्युबेकच्या उपसागरात प्रायोगिक काम सुरू झालं. कील जवळच्या कोलबर्गर हाइडे या दारूगोळा बुडवलेल्या भागात तपासणीसाठी ठेवलेल्या शिंपल्यांत टीएनटी या स्फोटकापासून बनलेली द्रव्यं सापडलीत, त्यामुळे केमिस्ट्रीवाल्यांना काम भरपूर. वर 2025 मध्ये दिसलं की गंजत्या वॉरहेडवर (क्षेपणास्त्राच्या स्फोटक भागावर) आजूबाजूच्या चिखलापेक्षा कितीतरी जास्त जीव राहतायत, म्हणजे उचलताना त्यांचाही विचार आला! त्रास एवढाच की 12 सागरी मैलांच्या आत राज्य सरकार, पलीकडे केंद्र, आणि कागद सगळे जर्मनमध्ये.

माझं मत, आवाज आणि सागरी सस्तन प्राण्यांमध्ये रस असेल तर डोळे झाकून ब्रिटन. टॉक्सिकोलॉजी (विषारी द्रव्यांचा अभ्यास), पाणी-गाळाचे नमुने आवडत असतील आणि भाषा शिकायची तयारी असेल तर जर्मनी, तो साठा काही आपल्या नोकरीच्या काळात संपत नाही. कुठेही गेलात तरी इंटरव्ह्यूमध्ये एक विचाराच: प्राणी दिसला तर काम थांबवायचा अधिकार ऑब्झर्व्हरला लेखी दिलाय का, आणि तासाच्या हिशोबाने भाडं चढणारी बोट उभी असताना तो शेवटचा कधी वापरला गेला?