कृत्रिम सूर्य उभारताना: झेनॉन की मेटल हॅलाइड?

मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही, मग प्रयोगशाळेत कृत्रिम सूर्य, म्हणजे उन्हासारखा प्रखर प्रकाश एका जागी पाडणारा दिव्यांचा संच, कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. पण तोच नमुना आज आणि पंधरा दिवसांनी तेवढ्याच प्रखर प्रकाशात तपासायचा असेल, तर आभाळाच्या भरवशावर राहता येत नाही. संभाजीनगर-नांदेडकडच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला असा संच उभारायचा असेल, तर खरी निवड झेनॉन आणि मेटल हॅलाइड या दोनच दिव्यांत आहे. हॅलोजन स्वस्त, पण त्याचा प्रकाश लालसर आणि तो नीट एकवटतही नाही.

मांडणी दोन्हींची सारखीच: लंबवर्तुळाकार परावर्तकाच्या एका नाभीवर दिवा, दुसऱ्या नाभीवर नमुना. दिव्यातला आर्क, म्हणजे दोन टोकांमधली विजेची झगझगीत ज्योत, जितका आखूड, तितका पलीकडचा ठिपका लहान आणि प्रखर. इथे झेनॉन निर्विवाद सरस, कारण त्याचा आर्क जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. जर्मनीत युलिश इथल्या ‘सिनलाइट’ या कृत्रिम सूर्याच्या संचामध्ये असे १४९ दिवे एकत्र बसवलेत. हजार सूर्यांएवढा, म्हणजे चौरस मीटरला १००० किलोवॉट प्रकाश हवा असेल, तर झेनॉनच घ्या. दिवा विझला तर लगेच पुन्हा लागतो, हीही जमेची बाजू.

मात्र तो सांभाळणं सोपं नाही. थंड असतानाही आतला वायू मोठ्या दाबाखाली असतो, त्यामुळे दिवा बदलताना चेहऱ्यावर ढाल आणि हातात जाड मोजे हवेतच. काचेला बोटाचा तेलकट डाग राहिला, तर तापल्यावर तिथेच काच कमजोर होते. शिवाय मोठ्या प्रवाहाचा डीसी पुरवठा महाग.

मेटल हॅलाइड म्हणजे स्टेडियमवरचे दिवे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत १.५ किलोवॉटच्या अशा ७ दिव्यांवर कमी खर्चाचा संच उभा राहिला आणि साठेक सूर्यांएवढी प्रखरता मिळाली. वितळलेल्या मिठात उष्णता साठवण्याच्या प्रयोगांना तेवढी पुरते. अडचण विजेची आहे: व्होल्टेज पडलं की साधा दिवा विझतो आणि थंड होईपर्यंत लागत नाही. तासाभराचा प्रयोग तिथेच वाया. म्हणून दिव्यांसोबतच स्टॅबिलायझरचीही तरतूद करा.

तरीही उष्णता साठवणीवर काम करणाऱ्या महाविद्यालयाला मी मेटल हॅलाइडच सुचवेन. धातूंची ऑक्साइडं तापवून त्यांच्या मदतीने पाण्यातून हायड्रोजन काढायचा असेल, तरच झेनॉन. आणि सातही दिवे एकदम मागवू नका. आधी एक दिवा, एक परावर्तक आणि पाण्याने थंड राहणारा उष्णतामापक घेऊन ठिपक्याच्या मध्यावर व कडेला किती प्रखरता मिळते ते मोजा, मग ऑर्डर द्या.