परत आलेली लेन्स माझी नव्हती : ६०,२४४ रुपयांना कशी फसले

जुने कॅमेरे आणि लेन्स विकत घ्यायच्या, त्यांची साफसफाई व दुरुस्ती करवून घ्यायची आणि त्या ऑनलाइन विकायच्या, हे काम मी सहा वर्षे करीत आहे. या काळात रिटर्न आले, रिफंड दिले, वाटेत फुटलेल्या मालाचे नुकसानही सोसले, त्यामुळे खरेदीदारांशी होणारे वाद मला चांगले हाताळता येतात, अशी माझी समजूत झाली होती. एका खरेदीदाराने माझी चांगली लेन्स स्वतःकडे ठेवून घेतली, त्याच मॉडेलची आपली बुरशी लागलेली लेन्स मला परत पाठवली, साइटकडून पूर्ण रिफंड मिळवला आणि त्याआधी माझ्याकडून वेगळे ९,००० रुपयेही काढून घेतले. हे लिहिताना मला लाज वाटत आहे, परंतु मी गप्प बसले तर हाच माणूस हाच डाव दुसऱ्या एखाद्या विक्रेत्यावर टाकेल, म्हणून सर्व काही रकमांसह लिहीत आहे.

लेन्स ७०-२०० मिलिमीटरची, २.८ अ‍ॅपर्चरची होती. ती मी ५१,००० रुपयांना घेतली आणि सर्व्हिस सेंटरमध्ये २,८०० रुपये भरून तिची पूर्ण तपासणी व सफाई करून घेतली. सर्व्हिसच्या पावतीवर तिचा सीरियल नंबर छापलेला आहे आणि तारीख विक्रीच्या अकरा दिवस आधीची आहे. तोपर्यंत लेन्स ४५ टक्के आर्द्रतेवर ठेवलेल्या ड्राय कॅबिनेटमध्ये होती. विक्रीच्या पानावर मी चौदा फोटो टाकले, टॉर्च लावून काचेच्या आरपार घेतलेला फोटोही त्यांत होता, आणि किंमत ६२,५०० रुपये ठेवली.

या खरेदीदाराने भाव केला नाही. त्याने तीन प्रश्न विचारले : लेन्स पहिल्या आवृत्तीची आहे की दुसऱ्या, झूम रिंगचे रबर मूळचे आहे की बदललेले, आणि माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या) कड्यावर किती झीज आहे. काच कशी आहे, ऑटोफोकस वेगाने चालतो का, हे विकत घेणारा प्रत्येक माणूस आधी विचारतो. याने ते विचारलेच नाही. मला मात्र वाटले की कोणीतरी जाणकार ग्राहक भेटला, आणि मी उत्साहाने माउंटचा जवळून काढलेला फोटोही पाठवला. आज त्या प्रश्नांचा अर्थ स्पष्ट दिसतो. त्याच्याकडे एक बिघडलेली लेन्स आधीच होती आणि तिच्या जागी खपेल अशी, बाहेरून हुबेहूब तशीच दिसणारी चांगली लेन्स तो शोधत होता. मालाच्या गुणवत्तेबद्दल काहीही न विचारता केवळ आवृत्ती आणि बाह्य खुणा यांची चौकशी करणारा खरेदीदार आला, तर त्याला कोणताही जादा फोटो पाठवू नका.

पार्सल पाठवताना मी व्हिडिओ काढला होता, हे मुद्दाम सांगते, कारण ‘व्हिडिओ काढायला हवा होता’ हे वाक्य मी गेल्या काही आठवड्यांत इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता ते ऐकवत नाही. सीरियल नंबर, लेन्सचे चालणे, बबल रॅप, खोका, सर्व काही त्यात आहे. पण मध्येच फोन वाजला, चित्रीकरण थांबले, आणि खोक्याला टेप लावून त्यावर कुरिअरचे लेबल चिकटवतानाचा भाग दुसऱ्या क्लिपमध्ये गेला. त्या दोन क्लिपांच्या मधल्या वीस-पंचवीस सेकंदांच्या आधारावर पुढे माझा दावा फेटाळला गेला. नंबरापासून लेबलापर्यंतचे चित्रीकरण एकसंध असले पाहिजे. मध्ये खंड पडला तर खोका उघडून पहिल्यापासून सुरुवात करा.

पार्सल पोहोचल्यानंतर चाळीस मिनिटांत त्याचा संदेश आला की लेन्सच्या आत बुरशी आहे. सोबत चार फोटो होते. याच क्षणी मी थांबायला हवे होते, आणि याच क्षणाचा विचार मी अजूनही रोज करते. पहिल्या फोटोत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू होते. असे जाळे दमट हवेत अनेक आठवड्यांनी धरते. कुरिअरच्या दोन दिवसांत ते धरत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे, कारण बुरशी पाहणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोत लेन्स अशी धरली होती की नंबराची बाजू हाताच्या बोटांखाली गेली होती. चौथ्या फोटोत माउंट दिसत होता, आणि त्याच्या एका स्क्रूच्या डोक्यावर चकाकणारा ओरखडा होता. माझ्या लेन्सच्या माउंटचा फोटो चार दिवसांपूर्वी मीच त्याला पाठवला होता आणि त्यात तो ओरखडा नव्हता. दोन्ही फोटो माझ्या फोनमध्ये एकाच संभाषणात, एकाखाली एक होते. मी ते शेजारी ठेवून पाहिले नाहीत. ‘आपल्याच तपासणीत काही राहून गेले असेल का,’ या शंकेने मला घेरले आणि मी त्या खरेदीदारावर संशय घेण्याऐवजी स्वतःवर घेतला. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसाची पहिली प्रतिक्रिया हीच असते, आणि हे लोक तिच्यावरच विसंबून असतात.

त्या वेळी एकच वाक्य पुरेसे होते : ‘सीरियल नंबर आणि बुरशी एकाच फोटोत दिसतील असा फोटो पाठवा.’ तक्रार खरी असणाऱ्या माणसाला असा फोटो काढायला एक मिनिट लागते. हे वाक्य साइटच्याच संदेशपेटीत लिहा, फोनवर बोलू नका.

मी फोनवर बोलले. तो अत्यंत सभ्यपणे म्हणाला की त्याला रिटर्नची दगदग नको आहे, सफाईसाठी ९,००० रुपये दिले तर तो लेन्स ठेवून घेईल आणि तक्रारही करणार नाही. माझे ६२,५०० रुपये तेव्हा साइटकडे अडकलेले होते, कारण रिटर्नची मुदत संपेपर्यंत विक्रेत्याला पैसे मिळत नाहीत. मागील महिन्यात दोन रिटर्न आल्यामुळे माझे रेटिंग घसरले होते, आणि आणखी एक नोंद झाली असती तर माझा माल शोधयादीत खाली गेला असता. ही सगळी कारणे आज लंगडी वाटतात, पण ज्याचे घर या विक्रीवर चालते त्याला ती तेव्हा लंगडी वाटत नाहीत. मी यूपीआयने ९,००० रुपये पाठवले. साइटबाहेर दिलेला एक रुपयाही वादात मोजला जात नाही. उलट, माझ्या तक्रारीत मी त्या रकमेचा उल्लेख केला तेव्हा ‘साइटबाहेर व्यवहार केल्याबद्दल’ मलाच ताकीद मिळाली.

पैसे पोहोचल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याने ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ हे कारण देऊन रिटर्न टाकला आणि तो आपोआप मंजूर झाला. आमच्या व्यवसायात बरेच जण वजनावर भरवसा ठेवतात : जाताना आणि येताना पार्सलचे वजन वेगळे निघाले की खोक्यात दगड किंवा साबण भरल्याचे सिद्ध करता येते. इथे तोही आधार नव्हता. तशीच लेन्स, तेच मॉडेल, तेच वजन. कुरिअरच्या कागदावर ग्रॅमचाही फरक पडत नाही. पार्सल आणणाऱ्या मुलाने ओटीपी मागितला, मागे अजून वीस पार्सले आहेत असे तो म्हणाला, आणि मी ओटीपी सांगून मोकळी झाले. खोका उघडल्यावर नंबर पाहिला तेव्हा माझे हात गार पडले. शेवटचे चार आकडे वेगळे होते, माउंटच्या स्क्रूवर तोच ओरखडा होता आणि आत तीच बुरशी होती. रिटर्नचे पार्सल दारातच, आणणाऱ्याच्या समोर, व्हिडिओ चालू ठेवून उघडा, नंबर जुळवा आणि मगच ओटीपी द्या. तो घाई करत असेल तर पार्सल घेण्यास नकार द्या.

साइटवर बहात्तर तासांच्या आत दावा करायचा असतो, तो मी तीन तासांत केला. पहिले उत्तर यंत्राने दिले. त्यानंतर वेगवेगळ्या नावांच्या पाच प्रतिनिधींनी माझ्याकडे तेच फोटो पाच वेळा मागितले, आणि आधीच्या संभाषणाची नोंद एकाकडेही नव्हती. माझ्या बिलावर सीरियल नंबर छापलेला आहे, यावर उत्तर मिळाले की बिल विक्रेता स्वतः तयार करतो. सर्व्हिस सेंटरच्या पावतीवर तोच नंबर आहे आणि ती पावती मी तयार केलेली नाही, यावर उत्तरच आले नाही. माउंटचे दोन फोटो शेजारी ठेवून, ओरखड्याभोवती लाल वर्तुळ काढून पाठवले, तेव्हा ‘पाठवलेली वस्तू हीच होती याची पडताळणी होऊ शकत नाही’ असे लिहून दावा बंद करण्यात आला. खरेदीदाराच्या चार फोटोंची पडताळणी कोणी आणि केव्हा केली होती, हा माझा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. त्याला कारण निवडण्यासाठी एक बटण पुरले आणि मला पुराव्यांचे एकोणीस तुकडे देऊनही ऐकणारा माणूस मिळाला नाही. अपिलाचा दुवा दिला होता. तो उघडल्यावर ‘या दाव्यावर अपील करता येत नाही’ एवढेच वाक्य दिसले.

मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतले, हे मान्य केले पाहिजे, पण त्यांनी फक्त ९,००० रुपयांच्या यूपीआय व्यवहाराचीच नोंद घेतली, कारण लेन्सची अदलाबदल त्यांच्या अर्जात कुठेच बसत नव्हती. शिवाय मी सहाव्या दिवशी फोन केल्यामुळे रक्कम त्या खात्यातून पुढे गेली होती. पैसे गेल्याचे कळताच पहिल्या तासाभरात फोन करा. बँकेने सांगितले की ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांपुरतेच रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाला संरक्षण देतात, आणि मी तर स्वतःच पिन टाकून पैसे पाठवले होते.

पोलीस ठाण्यात मी तीन वेळा गेले. पहिल्या वेळी साहेब बंदोबस्ताला गेलेले होते. दुसऱ्या वेळी, खरेदीदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, तिकडे तक्रार द्या, असे सांगण्यात आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील कागदासह दाखवले. तिसऱ्या वेळी ‘मॅडम, ही दिवाणी बाब आहे, विकणाऱ्या-घेणाऱ्यातला वाद आहे’ असे सांगून मला वाटेला लावले. खोटे कारण सांगून वस्तू काढून घेणे आणि तिच्या जागी दुसरी वस्तू देणे ही दिवाणी बाब कशी, याचे उत्तर कोणीच देत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे, आणि फसवून मालमत्ता द्यायला लावल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण ते वाचायला तिथे कोणाला वेळ नव्हता.

ग्राहक हेल्पलाइनवर तर मी विक्रेती आहे हे ऐकताच ‘तुम्ही ग्राहक नाही’ असे म्हणून बोलणे आवरते घेतले गेले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने सेवा घेणाऱ्याला वगळले आहे, हे खरे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी विकत घेऊन वापरलेल्या वस्तूंच्या बाबतीत तो हेतू व्यापारी धरला जात नाही, असे स्पष्टीकरण त्याच व्याख्येत आहे, पण त्यात सेवांचा उल्लेख नाही. मी एकटी, कोणताही नोकर न ठेवता हे काम करते आणि साइटला दर विक्रीमागे कमिशन देते. त्या सेवेत खोट झाली तर मी कोणाकडे जायचे, हे मला कोणी तरी सांगावे.

हिशेब असा आहे. लेन्सचे ५३,८००, यूपीआयने दिलेले ९,०००, जातानाचे कुरिअर व विमा ४८०, रिटर्नचे कुरिअर माझ्याच माथी ६१०, आणि रिफंडची प्रक्रिया केल्याबद्दल साइटने कापलेले ३५४ रुपये : एकूण ६४,२४४. बुरशीची लेन्स सुट्या भागांसाठी देऊन ४,००० मिळू शकतात, म्हणजे निव्वळ तोटा ६०,२४४ रुपयांचा. ती लेन्स मी अजून विकलेली नाही, कारण तोच पुरावा आहे. रिटर्न आलेला चुकीचा माल रागाने फेकू नका, परतही पाठवू नका. ज्या खोक्यातून आला त्या खोक्यासह आणि लेबलासह सीलबंद ठेवा. व्हिडिओ ज्या फोनवर काढला त्या फोनमधील मूळ फाइल पुसू नका, कारण न्यायालयात ती दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र आणि फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी, तिच्यावरून काढलेली खूण) द्यावे लागते, आणि फॉरवर्ड होऊन आलेल्या प्रतीवर ते जुळत नाही.

काही ओळखीच्यांनी सांगितले की इतक्या रकमेसाठी इतके फिरू नये. ही रक्कम माझ्या चार महिन्यांच्या नफ्याएवढी आहे. शिवाय त्या खरेदीदाराचे खाते साइटवर अजूनही चालू आहे, हे मी काल रात्रीच पाहिले.

पोलीस ठाण्याने तक्रार नोंदवण्यास नकार दिल्यानंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे मी पोलीस अधीक्षकांकडे पोचपावतीसह लेखी अर्ज पाठवला आहे. त्याला एकवीस दिवस झाले. पोचपावती परत आली आहे, उत्तर आलेले नाही. या आठवडाअखेरपर्यंत ते आले नाही तर त्याच संहितेच्या कलम १७५ (३) खाली प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, असे वकिलांशी बोलून ठरवले आहे, आणि त्यासाठीचे कागद मी आज दुपारीच लावून ठेवले आहेत.