कॅलिपर खरे, बाकीचं किट खोटं : एक लाख ऐंशी हजारांचे ब्रेक

नकली कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) कसा ओळखायचा हे गाड्यांच्या नादी लागलेल्या कॉलेजच्या पोरालाही आता ठाऊक असतं. लोहचुंबक लावायचा, चिकटला तर बिडाचा, म्हणजे ॲल्युमिनियम म्हणून विकलेला माल खोटा. आतल्या बाजूला कास्टिंगचे आकडे आहेत का ते टॉर्चने पाहायचं. पिस्टनभोवती धूळ अडवणारं रबर आहे का ते बघायचं. (कंपनीच्या नावाच्या अक्षरांवर मात्र विसंबू नये. खऱ्या कॅलिपरवरही ती बऱ्याचदा वरून छापून लॅकर मारलेली असतात.)

मुलुंडच्या एका स्कोडा ऑक्टाव्हियाच्या मालकाने पैसे देण्याआधी हे सगळं केलं. चुंबक चिकटला नाही, आकडे सापडले, रबर जागेवर होतं. कॅलिपर खरोखरच अस्सल निघाले. लाल रंगाचे, सहा पिस्टनचे, नावाजलेल्या इटालियन कंपनीचे. तरीही माणूस फसला, कारण कॅलिपर म्हणजे किट नव्हे. आजकाल मुंबईत जी फसवणूक चालते ती याच फटीतून. गिऱ्हाईक जे तपासणार ते खरं द्यायचं, आणि जे कोणी उघडून बघत नाही ते भंगारातून जमवायचं.

सौदा असा झाला. दुकान पश्चिम उपनगरातलं, नाव इथे देत नाही. सांगितलं असं की किट नवं, पूर्ण, ऑक्टाव्हियासाठीच बनवलेलं. ३४५ मिमीच्या डिस्क, स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या), 'सिरॅमिक' पॅड, ब्रॅकेट, सगळं आत. नव्वद हजार ॲडव्हान्स, तोही दुकानाच्या खात्यावर नाही, एका खासगी नंबरावर यूपीआयने. तीन आठवड्यांनी 'माल कस्टममध्ये अडकलाय' म्हणून आणखी साठ हजार. फिटिंगच्या दिवशी उरलेले तीस, वर मजुरी आणि स्पेसरचे (चाक बाहेर सरकवणारी चकती) बारा हजार. खोक्यावरचं सील फुटलेलं होतं आणि स्क्रॅच करून कोड तपासायचं कार्ड आत नव्हतं. विचारल्यावर उत्तर तयार होतं : "शेठ, कस्टमवाले बॉक्स फोडतातच. कार्ड त्यांच्याकडेच राहिलं." बिल कच्चं, त्यावर एकच ओळ : 'ब्रेक पार्ट्स, १ सेट'.

इथे एक साधा हिशेब करायला हवा होता. या दर्जाच्या अस्सल, नव्या पुढच्या किटची परदेशातली किंमतच तीन-चार हजार डॉलर असते. त्यावर जहाजभाडं, ड्यूटी आणि जीएसटी. एक ऐंशीत ते नवं मिळणं शक्यच नव्हतं.

नऊशे किलोमीटरनंतर गाडीची तक्रार सुरू झाली. ऐंशी-नव्वदच्या वेगाला ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं. पेडल आधीपेक्षा खोल जायचं. खंडाळ्याचा घाट खोपोलीकडे उतरताना जळका वास आला आणि पेडल स्पंजासारखं मऊ पडलं. गिअर खाली टाकत गाडी बाजूला घेता आली म्हणून निभावलं. मग चाकं काढून प्रत्येक भाग सुटा करून मोजला गेला. त्यात जे निघालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

सर्वांत वाईट अवस्था डिस्कची. मधल्या टोपीवरचा काळा रंग वायर ब्रशने घासला तशी पाच बोल्टांच्या भोकांच्या मधोमध आणखी पाच गोल डाग उघडे पडले. वेल्डिंगने बुजवून ग्राइंडरने सपाट केलेली जुनी भोकं. डिस्क मुळात ५×१३० पीसीडीच्या (म्हणजे १३० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट) गाडीची, ऑक्टाव्हियाचा पीसीडी ५×११२. जुनी भोकं भरायची, छत्तीस अंश फिरवून नवी पाडायची. मधलं छिद्रही मोठं होतं. या गाडीच्या डिस्कला ते ६५ मिमी लागतं, म्हणून लेथवर एक पातळ रिंग काढून आत ठोकून बसवलेली. डायल गेज लावला तर डिस्कचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.१८ मिमी. हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) बसलेल्या डिस्कला साधारण ०.०५ च्या पुढे जाऊ देत नाहीत. स्टिअरिंगच्या थरथरीचं मूळ हेच. थरथर हा त्रास झाला, धोका वेगळाच आहे. बिडाला असं वेल्डिंग केलं की त्या जागेभोवतीचा भाग कडक आणि ठिसूळ होतो. घाटात तापून वर पावसाचं पाणी उडालं की तडा तिथूनच जातो. डिस्कवर थंडाव्यासाठी म्हणून पाडलेली भोकंही ड्रिल मशीनवरची होती, कडा न मारलेली, काही तर आतल्या पंख्याच्या पात्यांतूनच आरपार गेलेली.

त्यातही डिस्कच्या जोडीत डावी-उजवी असा फरक असतो हे फिटरला माहीत नसावं. आतली पाती वक्र असतील तर ती केंद्राकडून कडेकडे जाताना मागे झुकलेली हवीत, म्हणजे फिरताना डिस्क हवा बाहेर फेकते. दिशा पात्यांवरून ठरते, वरच्या खाचांवरून नाही. इथे दोन्ही डिस्क एकाच बाजूच्या होत्या.

आता कॅलिपर. अस्सल, पण एका जड जर्मन एसयूव्हीचे, जुने, सोडवून रंगवलेले. बाजारात याला टेकऑफ म्हणतात. जुना माल जुना म्हणून, सील बदलून विकला तर त्यात गैर काही नाही. हे कॅलिपर ३४ मिमी जाडीच्या डिस्कसाठी बनलेले, आत डिस्क २८ ची. म्हणजे प्रत्येक बाजूचा पिस्टन पहिल्या दिवसापासून तीन मिमी जास्त बाहेर. पॅड झिजत गेले की तो आणखी बाहेर येतो, तिरका होतो, आणि सील सुटलं तर ऑइल रस्त्यावर.

पिस्टनच्या मापाची गोष्ट जरा सावकाश समजून घ्यावी, कारण इथे चांगले चांगले लोक गंडतात. मूळ कॅलिपरला एकच पिस्टन होता, ५४ मिमीचा. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २,२९० चौरस मिमी. नव्याला एका बाजूला ३०, ३४ आणि ३८ चे तीन, मिळून सुमारे २,७५०. (स्थिर, म्हणजे दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या कॅलिपरची तुलना सरकत्या, म्हणजे एकाच बाजूला पिस्टन असलेल्या कॅलिपरशी करताना एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे, सहाही नाही.) फरक २० टक्के. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप) तोच, म्हणजे तेवढंच काम करायला २० टक्के जास्त ऑइल ढकलावं लागणार. पेडल खोल गेलं ते म्हणून. शिवाय डिस्क मोठी, त्यामुळे पॅड केंद्रापासून लांब सरकले. दोन्ही मिळून त्याच दाबाला पुढचा ब्रेक जवळजवळ ३५ टक्के जास्त पकडतो. मागचा जसा होता तसा. परिणाम असा की पुढची चाकं आधीच एबीएसमध्ये (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) जातात आणि मागच्या टायरची पकड वापरलीच जात नाही. थांबायचं अंतर कमी होण्याऐवजी वाढू शकतं. नामवंत कंपन्यांची किटं महाग असतात ती याचमुळे. त्या गाडीच्या मास्टर सिलिंडरला आणि मागच्या ब्रेकला साजेसे पिस्टन निवडलेले असतात. तुम्ही पैसे लाल रंगाचे देत नाही, या गणिताचे देता.

ब्रॅकेट म्हणजे कॅलिपर आणि स्टिअरिंग नकल (चाक धरून वळवणारा भाग) यांच्यामधला दुवा. तो गॅस कटरने कापलेली लोखंडी पट्टी होता. एका बोल्टखाली एक वॉशर, दुसऱ्याखाली तीन. बोल्टच्या डोक्यावर १०.९ हा ग्रेड असायला हवा. इथे डोकं कोरं. कॅलिपर तिरका बसल्याने पॅडच्या एका टोकाला दुसऱ्यापेक्षा दोन मिमी जास्त झीज झाली होती, तीही नऊशे किलोमीटरमध्ये. वरची कड तर डिस्कच्या बाहेरच राहिलेली. ती झिजत नाही, ओठासारखी वाढते, आणि पुढे समोरासमोरचे दोन ओठ एकमेकांवर आपटतात.

होजची जाळी कापल्यावर आत टेफ्लॉनची नळी नव्हती. साधा रबरी पाइप आणि त्यावर शोभेची जाळी. वर कसलाही मानकाचा शिक्का नाही. लांबीही कमी, चाक पूर्ण वळवलं की होज ताणून दोरीसारखा व्हायचा. पॅडच्या पाठीवर काही छापलेलं नव्हतं. धड पॅडवर युरोपचा आर ९० मंजुरीचा क्रमांक असतो, किंवा एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं. पहिलं अक्षर थंड पॅडची पकड सांगतं, दुसरं तापलेल्याची. जळका वास याच पॅडचा होता. दोन पॅडचा मसाला पाठीच्या पत्र्यापासून कोपऱ्यात सुटायला लागला होता.

आणि ऑइल. 'रेसिंग' म्हणून ओतलेलं ऑइल आधीच उघडलेल्या डब्यातलं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबईच्या जुलैत उघडा डबा म्हणजे पाणी घातल्यासारखंच. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनांक कोरडं असताना किमान २३० अंश, ओलावा शोषलेल्या स्थितीत किमान १५५. घाटात ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले, पेडल मऊ पडलं. चांगलं किट असतं तरी या ऑइलने हेच झालं असतं.

स्पेसरचं तर सांगायलाच नको. चाकाच्या आऱ्या कॅलिपरला घासत होत्या म्हणून ८ मिमीचा स्पेसर टाकला, पण बोल्ट जुनेच ठेवले. एम१४×१.५ च्या (१४ मिमी जाड, एका फेऱ्याला १.५ मिमी आत जाणाऱ्या) बोल्टला हबमध्ये किमान सात-साडेसात फेरे लागायला हवेत. ८ मिमीच्या स्पेसरने त्यातले पाचाहून जास्त फेरे खाल्ले.

आता किट घ्यायचंच असेल तर पैसे हातचे सुटण्याआधी काय करावं. दुकानदाराकडून किटचा पार्ट नंबर घ्या आणि तो कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तुमच्या गाडीच्या, तुमच्या इंजिनच्या नावापुढे सापडतो का बघा. 'पोर्शचं आहे, तुमच्या गाडीला बसवून देतो' असं कोणी म्हणालं की तिथेच उठा. चाकात कॅलिपर मावतो का ते पाहायला कंपन्या कागदी नमुना देतात. तो झेरॉक्सवाल्याकडे शंभर टक्के मापात छापून घ्या (फिट टू पेज बंद करायला सांगा, नाहीतर नमुना आक्रसतो), पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि चाकाच्या आत धरून बघा. आऱ्यांपासून किमान तीन मिमी जागा हवी. चाकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनंही कॅलिपरला लागतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

किट हातात आल्यावर फिटिंगच्या आधी व्हर्नियर घेऊन बसा. डिस्कची जाडी मोजा आणि कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला आहे का पाहा. टोपीवरचा रंग पाच भोकांच्या मध्ये थिनरच्या फडक्याने पुसा. स्क्रॅच कार्ड नसेल तर किट नवं नाही असंच धरून भाव करा. बसवून झाल्यावर गाडी उचलून चाक लोंबकळत ठेवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा, होज कुठे ताणतो-घासतो ते बघा. ब्लीडिंगचा (ऑइलमधली हवा काढायचा) निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवा. खाली असेल तर डावा-उजवा कॅलिपर उलटा बसलाय आणि हवा कधीच पूर्ण निघणार नाही. तांब्याचे वॉशर नवेच. मग पॅड बसवण्यासाठी पहाटे मोकळ्या रस्त्यावर ऐंशीवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक, पूर्ण न थांबता, आणि त्यानंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून थंड करा. तापलेले पॅड सिग्नलला दाबून धरले तर मसाल्याचा ठसा डिस्कवर उमटतो आणि डिस्क वाकडी झाल्यासारखी गाडी थरथरते.

खरं सांगायचं तर मुंबईत चालणाऱ्या आणि महिन्यातून एकदा लोणावळ्याला जाणाऱ्या गाडीला बहुधा मोठे कॅलिपर लागतच नाहीत. थांबण्याचं अंतर शेवटी टायर ठरवतो. चांगले टायर, धड पॅड, दर दोन वर्षांनी सीलबंद डब्यातलं ऑइल, एवढ्यावर घाटातली नव्वद टक्के कटकट मिटते. मोठी डिस्क उष्णता जिरवायला लागते, म्हणजे ट्रॅकवर. आणि लावलीच तर विमा कंपनीला लेखी कळवा.

बिलाचं थोडक्यात. पक्कं बिल, त्यावर पार्ट नंबर, नवं की वापरलेलं हे शब्दांत, आणि १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक. महाराष्ट्राचा असेल तर तो २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून होतो, आणि उपनगरात राहणाऱ्याला वांद्र्याचा जिल्हा आयोग. मालातला दोष सिद्ध करायला आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून माल परत द्यायचा नाही.

मुलुंडच्या मालकाने इथेच दुसरी चूक केली. दुकानदार म्हणाला, "किट आणून द्या, सत्तर हजार लगेच परत देतो, विषय संपवू." त्याने दिलं. सत्तर हजार मिळाले, पण बिल कच्चं, पैसे खासगी नंबरावर गेलेले, आणि आता पुरावाही हातातून गेला. पंधरा दिवसांत तेच किट पुन्हा विक्रीला आलं, यावेळी दुसऱ्या एका सेडानसाठी, 'लाइक न्यू, फक्त ९०० किमी'. डिस्कवर ताजा काळा रंग आहे. डाव्या कॅलिपरच्या बाहेरच्या कडेला मात्र चाकाच्या आरीने घासलेला बोटभर लांब ओरखडा आहे, आणि फोटो त्या बाजूने काढलेला नाही.