नैराश्यात चालावं की वजनं उचलावीत?

डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर व्यायामही करा म्हटलं की प्रश्न येतोच: सकाळी फिरायला जायचं की जिम लावायची? मी दोन्ही केलं. आधी आठ महिने पुण्यातल्या तळजाई टेकडीवर चालणं, आणि आता दोन वर्षं आठवड्यातून तीनदा वजनं.

अभ्यास दोघांच्याही बाजूने आहेत. २०१८ साली 'जामा सायकिअ‍ॅट्री' या मानसोपचारावरच्या नियतकालिकात ३३ वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. वजनांच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी झाली, आणि ताकद फारशी वाढली नाही त्यांनाही फरक पडला. २०२४ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात चालणं-धावणं किंचित पुढे दिसलं. मात्र वजनं आणि योग मध्येच सोडणारे कमी होते.

मला चालण्यात एकच गोष्ट नडली. पाय चालतात, डोकं रिकामं राहतं. 'मी तसं का बोललो' हे दळण टेकडीच्या पायथ्याशी सुरू व्हायचं, ते घरी येऊन बुटांची नाडी सोडेपर्यंत चालायचं. कितीदा तरी गेलो त्यापेक्षा जास्त उदास होऊन परत आलो. गाणी लावून पाहिली, रस्ता बदलून पाहिला. दळण तेच.

वजनांचा बार, म्हणजे लोखंडी दांडा, खांद्यावर घेऊन, श्वास भरून, पोट आवळून खाली बसलं की वर येईपर्यंत दुसरं काही सुचतच नाही. दोन सेटच्या, म्हणजे उचलण्याच्या फेऱ्यांच्या, मधल्या विश्रांतीत विचार परत येतात, हे खरं. पण पुढचा सेट त्यांना तोडतो. शिवाय माझी शंभर पानी वही आहे: तारीख, वजन, किती वेळा. 'माझ्याच्याने काहीच होत नाही' असं वाटणाऱ्या आठवड्यात मागची पानं उलटतो. जूनमध्ये ३० किलो, ऑक्टोबरात ५०. ते आकडे माझ्याच हातचे असतात, नाकारता येत नाहीत.

अंथरुणातून उठवतच नाही अशा दिवशी मात्र जिमची बॅग भरणंही जमत नाही. तेव्हा चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो, तेवढ्यानेही दिवस थोडा सुटतो. चालताना ज्याचं मन खरंच शांत होतं, त्याने ते सोडायचं काही कारण नाही. तुमचंही दळण थांबत नसेल, तर मी वजनंच सुचवेन. पहिला महिना रिकामा बार पुरे, तोच २० किलोचा असतो. तोही जड गेला तर डंबेल्स घ्या. आणि गोळ्या स्वतःहून कमी करू नका. माझा डोस डॉक्टरांनीच उतरवला, तोही वजनं सुरू करून वर्ष झाल्यावर.